शिक्रा पक्षी : त्याचें रूप, राहणी व शेतकऱ्याशीं संबंध

गेल्या चैत्रांत केडगांवाहून एका बागाईतदार गृहस्थांचें पत्र आलें. केडगांव म्हणजे दौंडाकडील रेल्वेस्टेशनाचें केडगांव नव्हे. पुणें रस्त्यावर नगरास लागून असलेलें, देवीच्या देवळाकरितां सर्वांस ठाऊक असलेलें केडगांव. पत्रांतील मजकूर थोडका पण निकडीचा होता. विहिरीजवळच्या बांधावर एक जुना लिंब आहे. त्यावर 'ससाण्यानें' घरटें केलें आहे. अंगणांतील कोंबडीचीं पिलें एकेक करून नाहींशीं होत आहेत. तरी लिंब तोडावा, कीं गोफणीनें ससाणा मारावा, कीं दुसरा कांहीं उपाय आहे, तें कळवावें. घरांतील वडीलधाऱ्या बाईंचें म्हणणें हिरवें झाड तोडूं नये असें होतें. मुलाचें म्हणणें असें कीं, झाडाच्या सावलीनें नाहींतरी दोन सऱ्या वायां जातात, तेव्हां एका कुऱ्हाडींत दोन्ही कामें होतील.

अशा प्रश्नाचें उत्तर घरीं बसून देणें बरें नव्हे, म्हणून आम्ही स्वतः जाऊन तीन सकाळीं त्या लिंबासमोर बसलों. केडगांव आतां शहराच्या महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें आणि घरें मळ्यांच्या बांधापर्यंत येऊन ठेपलीं आहेत. तथापि विहिरींच्या आसपास लिंब, चिंच, बाभूळ अशीं जुनीं झाडें अजून उभीं आहेत. पाऊसमान बेताचें असलेल्या या भागांत दाट रान असें नाहींच. बांधावरचीं व विहिरीवरचीं झाडें हेंच काय तें येथील रान. लिंबावरचा पक्षी आम्हीं पाहिला तो ससाणा नव्हता. तो शिक्रा होता. आपल्याकडे वांकड्या चोंचीचा कोणताहि पक्षी दिसला कीं त्याला घार तरी म्हणावें किंवा ससाणा तरी म्हणावें, अशी रीत आहे. पण या वर्गांतील पक्ष्यांचे धंदे निरनिराळे आहेत, आणि एकाच्या अपराधाबद्दल दुसऱ्यास शिक्षा झाली तर नुकसान शेतकऱ्याचेंच होतें. म्हणून प्रथम ओळख नीट करून घेतली पाहिजे.

शिक्रा हा पारव्याएवढा पक्षी. चोंचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तर सुमारें एक फूट भरतो. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ राखेच्या रंगाची, किंचित् निळसर झांक असलेली. खालचें अंग पांढरें, आणि त्यावर विटकरी रंगाच्या बारीक व दाट आडव्या रेघा. गळ्याच्या मधोमध एक अस्पष्ट करडी उभी रेघ असते. शेपटी लांब असून तिच्यावर काळपट आडवे पट्टे असतात. पाय पिवळे. चोंच आंखूड, काळसर, मुळाशीं पिवळी व टोकाशीं आंकड्यासारखी वळलेली. नराचे डोळे तांबडे असतात, मादीचे पिवळे किंवा नारिंगीकडे झुकणारे. मादी नराहून चांगलीच मोठी असते व तिच्या पाठीवर तपकिरी छटा असते. या वर्षीचें पिलूं असेल तर त्याची पाठ सरळ तपकिरी दिसते आणि छातीवर आडव्या रेघांऐवजीं उभे ओघळ व ठिपके असतात; त्यामुळें एकाच झाडावर आईबाप व पिलें पाहून पुष्कळांस दोन जातींचे पक्षी आहेत असा भास होतो.

रंगापेक्षांहि ठेवणीवरून ओळख पक्की होते. शिक्र्याचे पंख आंखूड, रुंद व टोकांस गोलसर असतात आणि शेपटी त्या मानानें लांब. खरा ससाणा उघड्या आकाशांत वेगानें झेप घेणारा. त्याचे पंख लांब व कोयत्याच्या टोकासारखे निमुळते. शिक्रा झाडांतून फिरणारा. त्याला दोन फांद्यांच्या मधून अंग काढावयाचें असतें आणि पळत्या पांखराच्या मागें एकदम वळावयाचें असतें. आंखूड पंख फांद्यांस अडत नाहींत व लांब शेपटी सुकाणूचें काम करते. त्याचें उडणेंहि वेगळें; तीन-चार वेळां पंख झपाट्यानें मारावयाचे, मग पंख पसरून थोडें तरंगत जावयाचें, पुन्हां पंख मारावयाचे. घारीची शेपटी दुभंगलेली असते. शिक्र्याची तशी नसते, आणि घारीसारखा तो गांवावर तासन् तास घिरट्या घालीत नाहीं. विणीच्या आधीं मात्र जोडपें कधीं कधीं उंच आकाशांत फिरतांना दिसतें.

कापशी म्हणून जी पांढरी घार ज्वारीच्या शेतावर एकाच जागीं पंख हालवीत लटकून राहते, तिचे डोळे तांबडे व खांद्यावर काळा डाग असतो. ती मुख्यतः उंदरांवर जगते. तिला दगड मारणारा शेतकरी स्वतःच्या कणगीवर दगड मारतो. उघड्या माळावर तारेच्या खांबावर किंवा मातीच्या ढिगावर सुस्तपणें बसलेला, पांढुरक्या डोळ्यांचा, गळ्यावर मधोमध ठळक काळी रेघ असलेला तपकिरी पक्षी तो तीसा. त्याचें पोट नाकतोडे, उंदीर व सरडे यांवर भरतें. थंडींत माळावरून जमिनीलगत डुलत डुलत जाणारे भोवत्ये उत्तरेकडून पाहुणे म्हणून येतात व टोळ-नाकतोडे पुष्कळ खातात. यांपैकीं कोणीहि अंगणांत येऊन कोंबडीच्या पिलांचा नाद करीत बसणारा नव्हे.

परंतु सर्वांत मोठी गफलत होते ती पावशाच्या बाबतींत. मृगाच्या आधीं 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणून ओरडणारा पावशा वाचकांनीं कानांनीं पुष्कळ ऐकला असेल. डोळ्यांनीं पाहिलेले थोडे. तो अंगानें, रंगानें, छातीवरील रेघांनीं, शेपटीच्या पट्ट्यांनीं आणि उडण्याच्या तऱ्हेनेंहि हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. त्याचीं पिलें देखील शिक्र्याच्या पिलांप्रमाणें उभ्या ओघळांचीं असतात. पावशा स्वतः घरटें बांधीत नाहीं. तो सातभाईंच्या घरट्यांत अंडें टाकतो. शिकारी पक्ष्याच्या या सोंगानें लहान पांखरें बिचकतात व त्याचें काम सोपें होतें असें पक्षिशास्त्रज्ञांचें मत आहे. चोंच पाहिली म्हणजे सोंग उघडें पडतें. पावशाची चोंच आंकड्याची नसून जवळजवळ सरळ असते, पाय बारीक असतात, आणि फांदीवर उतरल्यावर तो शेपटी इकडून तिकडे हालवितो. तो केसाळ सुरवंट खातो, जे खाण्यास फार थोडीं पांखरें धजतात. शिक्रा समजून पावशा मारणें म्हणजे पेरणीची आठवण देणाऱ्या व पिकाची कीड वेंचणाऱ्या गड्यालाच मारणें होय.

आतां राहणीकडे वळूं. शिक्रा निबिड अरण्यांतलाच पक्षी नाहीं; आमराई, विहिरीवरचे वृक्ष, ओढ्याकांठची झाडी, शहरांतील बागा हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. बहुधा एकटा किंवा जोडीनें असतो. शिकारीची त्याची पद्धत लपून छापा घालण्याची आहे. पानांच्या आडोशास एखाद्या फांदीवर तो इतका निश्चल बसतो कीं खालून जाणाऱ्या माणसास पत्ता लागत नाहीं. भक्ष्य दिसलें कीं तो फांदीवरून खालीं घसरतो, जमिनीलगत बाण सुटावा तसा जातो, व शेवटच्या क्षणीं वर उसळून नख्यांनीं पकडतो. सावज निसटलें तर फार दूर पाठलाग करीत नाहीं. पुन्हां दुसरी फांदी धरतो. छापा फसला तर शिकार फसली, एवढें लक्षांत ठेवावें. पुढें पिलांच्या रक्षणाचा विचार करतांना याचा उपयोग होणार आहे.

त्याचा आवाज दोन सुरांचा असतो. पहिला सूर चढा व तुटक, दुसरा लांबविलेला. 'टी-ट्यू' अशासारखा कांहींसा तो ऐकूं येतो. कोतवाल पक्षी या आवाजाची नक्कल फार उत्तम करतो, म्हणून नुसत्या आवाजावर विसंबून शिक्रा आला असें ठरवूं नये. शिक्रा खरोखर आला म्हणजे इतर पांखरांचें वर्तनच सांगतें. चिमण्या एकदम काट्यांत शिरतात. खारी खोडाच्या पलीकडच्या बाजूस चिकटून चिरचिर करतात. सातभाई मात्र पळून न जातां सर्व मिळून त्याच्यावर ओरडत तुटून पडतात व पुष्कळदां त्याला हांकलून देतात. लहान खंड्या पक्षी शिक्र्यास चुकविण्याकरितां पाण्यांत बुडी मारतो असेंहि पाहण्यांत आलेलें आहे. कोतवाल तर त्याच्या डोक्यावर टोंचे मारीत बरेंच अंतर पाठ पुरवितो.

त्याच्या खाण्यांत सरडे, पाली, नाकतोडे, लहान उंदीर, लहान पांखरें व त्यांचीं पिलें, खारी, बेडूक हे मुख्य. क्वचित् लहान साप. वळवाच्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे वारुळांतून निघूं लागले म्हणजे शिक्रा जमिनीवर उतरून ते खातो. संध्याकाळीं अंधुक प्रकाशांत लहान वटवाघळेंहि पकडतो. पांखरूं पकडल्यावर तें तो एखाद्या ठरलेल्या फांदीवर नेतो व आधीं पिसें उपटून मग खातो. यामुळें घरटें जवळ असेल तेथें झाडाखालीं पिसांचा सडा पडलेला असतो. आपल्या अंगणांतलीं पिलें कोणीं नेलीं याचा पुरावा पाहिजे असेल तर तो आकाशांत शोधण्यापेक्षां झाडाखालीं शोधावा.

केडगांवच्या लिंबाखालीं आम्हीं तसा शोध केला. चिमणीचीं पिसें होतीं, एका होल्याचीं होतीं, सरड्याच्या शेपटीचे तुकडे होते, आणि कोंबडीच्या पिलांची पिवळी लव देखील होती. म्हणजे आरोप अगदींच खोटा नव्हता. तीन सकाळींत नरानें घरट्याकडे जें जें आणलें त्यांत बहुतेक वेळां सरडा होता. एकदां मात्र आमच्या डोळ्यांदेखत त्यानें उकिरड्यावरून एक पिलूं उचललें, आणि घरधन्यांनीं आमच्याकडे 'पाहिलेंत ना' अशा नजरेनें पाहिलें. तथापि खुराड्याच्या मागच्या बाजूस गेल्यावर दुसरीहि एक गोष्ट उघडकीस आली. मातीच्या भिंतीला बुडाशीं हाताएवढें भोंक होतें व आंत रक्ताचे डाग होते. एका रात्रींत तीन पिलें गेलीं तीं याच वाटेनें मांजरानें नेलीं असलीं पाहिजेत. शिक्रा दिवसां शिकार करणारा; तो एका वेळीं एकच पिलूं नेतो व अंधारांत खुराड्यांत शिरत नाहीं. सर्व खातें मात्र लिंबावरच्या पक्ष्याच्या नांवानें मांडलें गेलें होतें.

विणीचा हंगाम फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे इंग्रजी मार्च ते जून. घरटें कावळ्याच्या घरट्यासारखें, काटक्यांचें, उंच झाडाच्या दुबेळक्यांत असतें. आंत गवत घातलेलें असतें. नरमादी दोघेंहि काटक्या पायांत धरून आणतात. कावळ्याप्रमाणें तारेचे तुकडेहि वापरतात. अंडीं बहुधा तीन किंवा चार. रंग फिकट निळसर-करडा व जाड टोंकाकडे बारीक काळे ठिपके. अंडीं काढून घेतलीं तर मादी पुन्हां घालते. उबविण्याचें काम मुख्यतः मादी करते व त्या काळांत नर तिला भक्ष्य आणून देतो. पिलें बाहेर पडल्यावर नरावर पांच-सहा तोंडांची जबाबदारी येते. याच दिवसांत घरोघर खुडूक कोंबड्यांखालचीं अंडीं फुटून अंगणांत पिलें फिरूं लागतात, झाडांचीं पानें झडून आडोसा कमी झालेला असतो, आणि सरावलेला नर एकदां सोपें भक्ष्य मिळालें कीं पुन्हां पुन्हां त्याच अंगणाकडे येतो. वर्षभर न दिसणारा उपद्रव दीड-दोन महिने एकदम कां दिसतो याचें कारण हें आहे.

माणसाचा व या पक्ष्याचा संबंध आजचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजांच्या विनोदांमध्यें श्येनविनोदाचें, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांकडून शिकार करविण्याचें, स्वतंत्र प्रकरण आहे. मोंगल अमदानींत ही कला फार वाढली. त्या धंद्यांतील लोक मादीस शिक्रा व नरास चिपक म्हणत. मादी मोठी व अधिक कामाची म्हणून तिचेंच नांव जातीस पडलें. हें नांव शिकार या शब्दाशींच निगडित आहे. बाज व बहिरी हे अमीरउमरावांचे पक्षी. शिक्रा लवकर माणसाळतो व थोड्या दिवसांत शिकतो, म्हणून तो बेताच्या ऐपतीच्या हौशी माणसाचा. त्याच्याकडून लाव्हे, तित्तर, कावळे धरवीत, आणि पुष्कळदां या शिकारीवर मोठ्या किंमतीच्या पक्ष्यांचें पोट भरीत. अंगाच्या मानानें त्याची छाती मोठी. स्वतःहून मोठ्या पांखरावरहि तो चालून जातो. मुंबईस कुलाब्याला नौदलाचा जो हेलिकॉप्टरांचा तळ आहे त्यास २००९ सालीं शिक्रा हेंच नांव देण्यांत आलें. आतां मात्र हा किंवा कोणताहि रानपक्षी पकडून पाळणें कायद्यानें बंद आहे.

असो. शेतकऱ्यास याचा फायदा किती व तोटा किती, हा खरा प्रश्न. शेतकी लेखांतून शिकारी पक्ष्यांची स्तुति करतांना 'हे सर्व उंदीर खातात' असें एका दमांत लिहिण्याची संवय झाली आहे. शिक्र्याच्या बाबतींत हें लिहिणें सत्यास धरून होणार नाहीं. शेतांतील उंदीर मुख्यतः रात्रीं बाहेर पडतो व शिक्रा रात्रीं झोपलेला असतो. पूर्ण वाढलेली घूस तर त्याच्या शक्तीबाहेरची. उंदरांच्या बंदोबस्ताचें श्रेय गव्हाणी घुबड, पिंगळा व कापशी यांचें आहे, आणि तें त्यांनाच द्यावें. शिक्र्यानें सरडा खाल्ला तर आपला लाभ झाला असेंहि नाहीं, कारण सरडा स्वतः किडे खाऊन जगतो. नाकतोडे, वाळवी, दिवसां बाहेर आलेले लहान उंदीर, डाळिंबें कुरतडणाऱ्या खारी, ज्वारी-बाजरीच्या कणसांवर बसणाऱ्या चिमण्या हें जमेच्या बाजूस. सरडे, कीडखाऊ लहान पांखरें व कोंबडीचीं पिलें हें खर्चाच्या बाजूस. आमचें मत विचाराल तर या जमाखर्चांत मोठी शिल्लक कोणत्याच बाजूस निघत नाहीं.

एक बाब मात्र हिशेबांत धरली पाहिजे, ती धाकाची. रब्बी ज्वारी दाण्यावर आली असतां बांधावरच्या झाडावर शिक्रा येऊन बसला, कीं कणसांवरचा चिमण्यांचा थवा भर्रकन् उठतो व बराच वेळ जवळच्या काट्यांत दडून बसतो. त्यानें मारलेल्या चिमण्या दिवसाला एक-दोन. त्यानें उठविलेल्या शेंकडों. माळ्यावर बसून गोफण फिरविणाऱ्या राखणदारास या गोष्टीचा अनुभव असतो. अर्थात् शिक्रा उडून गेला कीं थवा परत येतो. तेव्हां त्याच्या भरंवशावर राखणदारास घरीं पाठवावें असा आमच्या म्हणण्याचा अर्थ नाहीं.

आतां पिलांच्या रक्षणाचा उपाय. झाड तोडल्यानें किंवा पक्षी मारल्यानें तो होत नाहीं, हें आम्हीं त्या गृहस्थांस स्पष्ट सांगितलें. लिंब गेला तर जोडपें शेजारच्या चिंचेवर जाईल. तेथून अंगण तेवढेंच जवळ. एक पक्षी मारला तर मोकळी पडलेली जागा दुसरा येऊन धरतो. उपद्रवाचें मूळ उघड्या अंगणांत आहे, तें अंगणांतच बंद केलें पाहिजे. पिलें पहिले पांच-सहा आठवडे डालग्याखालीं किंवा जाळीच्या आवारांत ठेवावींत. याकरितां विकत जाळी आणलीच पाहिजे असें नाहीं. कांद्याच्या जाळीदार गोण्या उसवून एकमेकींस शिवल्या व चार मेढींवर ताणून बांधल्या तर पंधरा-वीस पिलांपुरतें आवार घरच्याघरीं होतें. नगरच्या बाजारीं कांदा नेणाऱ्याच्या घरांत अशा गोण्यांचा तुटवडा नसतो. शिवण सैल ठेवूं नये, नाहींतर पक्षी जाळींत अडकून मरतो. दाणे उकिरड्यावर किंवा उघड्या खळ्यावर न टाकतां पडवीच्या आंत टाकावे. आवाराबाहेर पिलें सोडावयाचींच असतील तर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे दोन-तीन ढीग अंगणांत टाकून ठेवावे. आईनें इशारा दिला कीं पिलें त्यांत शिरतात, आणि छापा एकदां फसला म्हणजे शिक्रा बहुधा निघून जातो.

येथें आणखी एक सूचना. हरभऱ्यावरील घाटेअळी खाण्याकरितां कोतवाल वगैरे पक्ष्यांस बसावयास शेतांत काठ्यांचे पक्षीथांबे उभे करण्याचा उपदेश कृषिखातें करीत असतें व तो योग्यच आहे. पण असा थांबा किंवा वाळका खुंट कोंबड्यांच्या आवाराजवळ उभा ठेवूं नये. तो शिक्र्याचीच बैठक होतो. पिलें मोठीं होऊन पिसें भरलीं कीं हा प्रश्न आपोआप मिटतो, कारण आपल्या वजनाहून जड भक्ष्य उचलून उडणें त्यास कठीण जातें. खुराड्याच्या बुडाचें भोंक मात्र त्याच दिवशीं दगडमातीनें बुजविण्यास आम्हीं सांगितलें, व आमच्यासमोर तें बुजविलें गेलें.

याहून गंभीर गोष्ट विषाची आहे. उंदरांकरितां घालण्यांत येणाऱ्या विषांपैकीं ब्रोमॅडिओलोनसारखीं रक्त गोठूं न देणारीं विषें उंदरास तात्काळ मारीत नाहींत. विष खाल्लेला उंदीर कांहीं दिवस जगतो, गुंगींत भर दिवसां उघड्यावर फिरतो, आणि शिक्रा, कापशी, पिंगळा यांच्या हातीं सहज लागतो. त्याच्या काळजांत सांठलेलें विष पक्ष्याच्या अंगांत जातें. म्हणजे जे पक्षी फुकट उंदीर मारतात त्यांनाच आपण विकतचें विष घालतों. म्हणून विषाच्या वड्या बिळाच्या आंत खोल घालून तोंड बुजवावें, आणि मेलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून पुरून टाकावे. उकिरड्यावर फेंकूं नयेत.

या बाबतींत इंग्लंडांतील उदाहरण पाहण्यासारखें आहे. तेथें शिक्र्याचा सख्खा भाऊबंद शोभेल असा चिमण्या मारणारा एक पक्षी आहे. तोच थंडींत आपल्याकडेहि उत्तरेकडून उतरतो व त्यास जुने शिकारी बाशा म्हणत. १९५० नंतरच्या वर्षांत तेथील शेतकऱ्यांनीं बियाण्यास आल्ड्रिन व डील्ड्रिन हीं औषधें लावून पेरण्यास सुरुवात केली. तें बी पारव्यांनीं व लहान पांखरांनीं वेंचलें, आणि तीं पांखरें या पक्ष्यानें खाल्लीं. थोड्याच वर्षांत पूर्व इंग्लंडच्या शेतीप्रदेशांतून तो जवळजवळ नाहींसा झाला. डेरेक रॅट्क्लिफ या शास्त्रज्ञानें जुन्या व नव्या अंड्यांच्या कवचांची तुलना करून १९६७ सालीं दाखविलें कीं, डी.डी.टी.चा वापर सुरू झाल्यापासूनच्या काळांत शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ झालीं होतीं. अशीं अंडीं आईच्या वजनानेंच फुटत. पुढें हीं औषधें टप्प्याटप्प्यानें बंद झालीं व तो पक्षी हळूहळू परतला. आपल्याकडे डी.डी.टी.चा शेतींतील वापर १९८९ सालीं बंद करण्यांत आला. गिधाडांची हकीकत तर ताजीच आहे. गुरांस टोंचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळें तीं मरतात हें २००४ सालीं सिद्ध झालें, २००६ सालीं तें औषध गुरांकरितां बंद झालें, पण तोंपर्यंत गांवाच्या ढोरफोडीवरून गिधाड दिसेनासें होऊन गेलें होतें. शिक्रा अजून सर्वत्र दिसतो आणि जगांत त्याच्या जातीस धोका आहे असें समजलें जात नाहीं. गिधाडांविषयीं देखील एके काळीं कोणास तसें वाटलें नव्हतें.

कायद्याची बाजूहि सांगून ठेवतों, कारण पत्रांत गोफणीचा उल्लेख होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें शिक्रा मारणें किंवा पकडणें हा गुन्हा आहे, व त्याचीं अंडीं काढणें किंवा घरटें मोडणें हेंहि शिकारींतच धरलें जातें. पिलांचें नुकसान झालें ही सबब तेथें चालत नाहीं. घरटें चालू असलेलें झाड पाडलें म्हणजे घरटेंहि पडतें, हें निराळें सांगावयास नको.

केडगांवच्या गृहस्थांनीं लिंब त्या उन्हाळ्यापुरता राहूं दिला. गोण्यांची जाळी त्यांच्या घरच्या मंडळींनीं दोन दुपारींत शिवली. आषाढांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां घरटें रिकामें होतें, आणि उभ्या ओघळांच्या छातीचीं दोन शिक्र्याचीं पिलें विहिरीच्या थारोळ्याजवळ नाकतोड्यांमागें धडपडत होतीं. जाळींतलीं कोंबडीचीं पिलें तोंवर इतकीं वाढलीं होतीं कीं तीं आतां बाहेर सोडलीं होतीं. मुलाची सावलीची तक्रार मात्र उरलीच होती व ती खोटी नव्हती. त्यावर आमचें सांगणें असें कीं, सावली कमी करावयाची तर पिकाच्या बाजूच्या खालच्या फांद्या मार्गशीर्ष-पौषांत, घरटें रिकामें असतांना उतराव्या. दुबेळक्याची मोठी फांदी राखावी. आणि लिंबोळ्यांचें उत्पन्न धरून पुढच्या वर्षीं झाडाचा हिशेब पुन्हां मांडावा. फांद्या उतरावयाच्या तेव्हां कळवूं, असें त्यांनीं कबूल केलें आहे.